वेस्लीचा उजवा खांदा

फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या गावात अजून कुणी पुरा उच्चारत नाही. निवृत्त होऊन श्रीवर्धनजवळच्या घरी परतलो त्याला बरीच वर्षं झाली, तरी मशिदीतून बाहेर पडताना एखादा म्हातारा गुडघा पुढे करून म्हणतो, "इक्बाल, जरा चोळून दे रे." मी चोळत नाही. मी विचारतो, कधीपासून दुखतंय? जिना चढताना की उतरताना? उकिडवं बसता येतं का? म्हातारा कंटाळतो. त्याला वाटतं, एवढी वर्षं सौदीत राहून हा नुसते प्रश्न विचारायला शिकून आला.

खरं सांगायचं तर तेच शिकून आलो. हाडं, स्नायू, शिरा हे सगळं मुंबईच्या कॉलेजात शिकवलं होतं. दुखणाऱ्या माणसाकडून खरं कसं काढून घ्यायचं, हे मात्र कतीफच्या एका खाजगी इस्पितळाच्या तळघरात कळलं. आमचा विभाग तिथे होता. सहा टेबलं, एक शेकाची पेटी, भिंतीला लावलेली शिडी, वजनं आणि एक कायम खरखरणारा एसी.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे पेशंट येतात. एक, नसलेलं दुखणं सांगणारे. त्यांना ओळखणं सोपं असतं. दुसरे, असलेलं दुखणं लपवणारे. आखातात ही दुसरी जात फार. ज्याच्या कागदावर 'अनफिट' लागलं त्याचं काम खलास, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना खलास, आणि पुढच्या विमानाने घर. त्यामुळे कंबर मोडलेला माणूससुद्धा टेबलावरून टुणकन उडी मारून उतरायचा आणि हसून दाखवायचा.

असाच एक गुहागरकडचा वेल्डर, गफूर. कमरेतून डाव्या पायात मुंग्या येत होत्या. मला सगळं दिसत होतं. त्याने माझा हात धरला. "भाईजान, अनफिट नका लिहू. घराच्या भिंती उभ्या राहिल्यात, वर छप्पर नाही." मुकादम दारात उभा होता. मी 'फिट' लिहून सही केली. चार महिन्यांनी त्याला चौघांनी उचलून आणलं. डावं पाऊल घोट्यातून वर उचलेना, ते पुढेही कधी नीट उचललं गेलं नाही. तो बिचारा शेवटपर्यंत मला दुवा देत होता. ती सही मात्र माझी होती. तेव्हापासून मी ठरवलं, सांधा जे सांगेल तेच लिहायचं. हे ठरवणं सोपं होतं. ते निभावायची वेळ आली ती कुवेतच्या लढाईच्या वर्षी, एका अमेरिकन माणसामुळे.

त्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. कुवेतची हद्द आमच्यापासून गाडीने चार-पाच तासांवर. महिन्याभरात इस्पितळातला निम्मा स्टाफ रजेवर गेला आणि परत येण्याचं नाव घेईना. घरून बायकोचा, झुबेदाचा, शेजारच्या दुकानातून फोन यायचा.

"लोक येतायत. तुम्हाला काय झालंय?"

"पासपोर्ट कफीलकडे, मालकाकडे आहे."

"मग मागा की."

मी मागितला असता तर मिळाला असता. मी मागितला नाही. विभागात आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि मेरी नावाची केरळची एक मुलगी, आणि टेबलं सहाच्या सहा भरलेली. मी गेलो तर हे बंद पडेल, असं मला वाटायचं. यात अभिमान किती आणि कर्तव्य किती, हे मी आजही नीट सांगू शकणार नाही.

ऑक्टोबरात वेस्ली आला. वय अठ्ठावीस-एकोणतीस, उंच, मानेवर ऊन लागून तांबडा झालेला. जवळच्या रास तनुरा बंदरात तेलाची जहाजं धक्क्याला बांधायची असतात. त्यासाठी छोट्या बोटी जहाजापासून धक्क्यापर्यंत दोर नेतात. अशा एका बोटीच्या टोळीचा तो प्रमुख होता, एका कंत्राटदार कंपनीकडून. युद्धाच्या भीतीने माणसं गेलेली, म्हणून कंपनी उरलेल्या प्रत्येकाची तपासणी करून घेत होती. त्याच्या हातात फॉर्म होता. खाली दोन चौकोन, फिट आणि अनफिट. सही माझी.

"तक्रार?" मी विचारलं.

"काही नाही. इथे सही कर, मी जातो. तुझे लोक खोळंबलेत."

"शर्ट काढ."

त्याने शर्ट काढला, आणि मला तिथेच कळलं. सगळी बटणं डाव्या हाताने. उजवा हात बाहीतून काढताना खांदा नुसता वर चढला, हात मागे गेलाच नाही. गळ्याच्या हाडावर जुन्या मोडीचा उंचवटा, खांद्यावर टाक्यांचा व्रण, दोन्ही गुडघ्यांवर तसेच व्रण.

"मोटारीचा अपघात?"

"नाही," तो हसला. "कॉलेज."

मग त्याने आपली हकिगत सांगितली. एका दिवसात नाही, पुढच्या आठ-दहा भेटींत तुकड्या-तुकड्यांनी. मी ती इथे एकत्र सांगतो. पण आधी त्याचा खेळ समजावून सांगायला हवा, कारण अमेरिकन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. त्यात पाय कमी, हातच जास्त. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसं. चेंडू अंडाकृती. आपल्या बाजूचा एक माणूस खेळ सुरू होताच चेंडू हातात घेतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. समोरचे रेड्यासारखे गडी त्याला आडवा करायला धावून येतात. आपल्या गड्यांनी त्यांना रोखायचं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत याने लांब पळणारा आपला माणूस हेरून चेंडू नेमका त्याच्या हातात फेकायचा. कबड्डीत चढाईवाल्यावर अख्खी फळी तुटून पडते तसं, फक्त इथे त्याला पळून सुटायचं नसतं, उभं राहून फेकायचं असतं. फेकताना त्याचं अंग उघडं पडतं. मार बसतो तो तेव्हाच.

वेस्ली मक्याच्या शेतांच्या मुलखातला. शाळेत असताना त्याचं नाव गावाच्या पाण्याच्या टाकीवर रंगवलं होतं म्हणे. मोठ्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन नेला. पहिलं वर्ष बाकावर बसून गेलं. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या सामन्यात गळ्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांत परत उभा. तिसऱ्या वर्षी चेंडू हातातून सुटून गेलेला असताना एकाने उशिरा येऊन उजव्या गुडघ्यावर धडक मारली. आतला दोर तुटला. ऑपरेशन, सहा महिने कुबड्या, आणि त्याची जागा दुसऱ्याला. लंगडत चालल्यामुळे सगळा भार डाव्या पायावर, म्हणून सरावातच डावा गुडघाही गेला.

"मग घरी का नाही गेलास?" मी विचारलं.

"घरी टाकीवर नाव होतं ना."

चौथ्या वर्षी तो परत आला. पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते, म्हणून पायांचं काम खांद्यावर आलं. हे आमच्या शास्त्रात नेहमीचंच. खांद्याचा सांधा म्हणजे छोट्या बशीत ठेवलेलं मोठं मोसंबं. चार बारीक स्नायू चारी बाजूंनी त्याला धरून ठेवतात. चेंडू फेकायचा जोर खरा पायांतून आणि कमरेतून यायचा असतो. तो आला नाही की हे चौघेच राबतात, आणि एक एक करून फाटतात.

"रोज सकाळी कोच विचारायचे, कसा आहेस? मी म्हणायचो, एकदम फिट. मी एकच खोटं बोललो, डॉक. फक्त ते रोज बोललो."

"मी डॉक्टर नाही."

"तोही नव्हता. सामन्याआधी सुई टोचणारा."

शेवटच्या महिन्यात दर सामन्याआधी खांद्यात इंजेक्शन. दुखणं जायचं, म्हणजे कळायचं बंद व्हायचं. वर्षाचा शेवटचा सामना, शेवटचं एक मिनिट, त्याच्या बाजूला चार गुण कमी. त्याने फेकलं. फेकतानाच खांद्यात काहीतरी फाटलं आणि त्याच क्षणी दोघं अंगावर येऊन आदळले. तो पाठीवर पडला. चेंडू पोचला होता. सामना जिंकला होता. अख्खं मैदान उभं राहून ओरडत होतं.

"आणि तू?"

"मला आभाळ दिसत होतं. आवाजावरून कळलं, जिंकलो."

मोठ्या व्यावसायिक संघांनी नंतर कधी विचारलं नाही. तो दोन वर्षं इकडे तिकडे फिरला आणि समुद्रावरच्या कामाला लागला. इतक्यांदा जायबंदी झाला, पण त्यातल्या एकाही वेळी तो मैदानावरून आपल्या पायांनी बाहेर आला नाही, दरवेळी कुणीतरी उचलून आणलं. हे तो हसत सांगायचा. तक्रार नाही, कुणावर राग नाही. मला मात्र ऐकताना गफूरचं पाऊल दिसायचं.

पहिल्याच दिवशी मी फॉर्म तसाच ठेवून घेतला. "सहा आठवडे रोज ये. मग बघू."

"सहा आठवडे? मला बोटीवर माणसं नाहीत."

"हात किती वर जातो ते दाखव."

त्याने उचलला. खांद्याच्या रेषेपाशी आल्यावर चेहरा पांढरा पडला. तो फॉर्म माझ्याकडे सोडून गेला आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून बरोबर चारला हजर झाला.

बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही मशीन लावतो आणि माणूस बरा होतो. मशीनने फक्त थोडा आराम पडतो, बरं व्हायचं काम पेशंटनेच करायचं असतं. वेस्लीला मी वाकून हात लोंबता ठेवून लंबकासारखा हलवायला लावलं. भिंतीवर बोटांनी इंच-इंच वर चढायला लावलं. व्यायामाचे रबरी पट्टे संपले होते, नवा माल येत नव्हता, म्हणून कतीफच्या बाजारातून सायकलची ट्यूब आणून तिच्या पट्ट्या कापल्या. एवढा मोठा गडी दाराच्या कडीला बांधलेली ट्यूब ओढताना घामाघूम व्हायचा. शेजारच्या टेबलावर हसन नावाचा कतीफचा पन्नाशीचा मच्छीमार मानेला शेक घेत पडलेला असायचा. तो हसायचा आणि मला अरबीत म्हणायचा, "दुक्तूर, याला जाळं ओढायला माझ्याकडे पाठव, एवढं रबर कशाला?"

इस्पितळाचा व्यवस्थापक होता सामी, इजिप्तचा. माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर मालक होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला वर बोलावलं.

"इक्बाल, त्या अमेरिकनच्या कंपनीचा रोज फोन येतो. सही करून टाक. यल्ला, चल."

"खांदा तयार नाही."

"मग अनफिट लिही. खलास."

"तो अनफिटही नाही."

"अखी, माझ्या भावा, फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. तिसरा मी कुठून आणू?"

फिट लिहिलं तर तो खांद्याचा उरलासुरला स्नायूही तोडून घेणार, कारण दोर फेकायचा प्रसंग आला की हा माणूस स्वतः पुढे होणार, हे मला माहीत होतं. अनफिट लिहिलं तर अनुभवी माणूस ऐन गरजेच्या वेळी घरी, आणि त्याच्या आयुष्यात आणखी एकदा कुणीतरी त्याला उचलून बाहेर नेल्यासारखं. मी दिवस ढकलत राहिलो. सहाचे आठ आठवडे झाले, आठाचे बारा. तोवर तो नुसता कचेरीत बसून कागद लिहीत होता आणि माझ्यावर चिडत होता.

जानेवारीच्या मध्यावर युद्ध सुरू झालं. खिडक्यांना चिकटपट्ट्या, नळाच्या पाण्याने भरून ठेवलेल्या बादल्या, रेडिओभोवती माणसं. एक दिवस संध्याकाळी, मगरिबच्या नमाजाआधी, विभागात सात पेशंट असताना, भोंगा वाजला. आमचं तळघर म्हणजेच इस्पितळाचा आसरा, त्यामुळे वरचेही धावत खाली येऊ लागले. कुणाला चालता येत नाही, कुणाच्या पायाला वजन टांगलेलं, कुणी मल्याळीत रडतंय, कुणी अरबीत दुवा म्हणतंय. गॅसच्या मास्कची पेटी आली ती निम्म्या माणसांनाही पुरण्यासारखी नव्हती. मेरी माझ्याकडे बघत होती आणि मी पेटीतले मास्क पुन्हा पुन्हा मोजत होतो.

वेस्लीच्या गळ्यात कंपनीचा मास्क होता. तो त्याने काढून बाजूच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि डावा हात वर करून सगळ्यांना जवळ बोलावलं. त्याचा आवाज मोठा नव्हता. फक्त त्या आवाजात जराही घाई नव्हती.

"इक्बाल, मी बोलतो ते त्यांना सांग. तू, दाराच्या फटीत ओले टॉवेल. तू, पाणी. हसन, तू तगडा आहेस, पायाला वजन बांधलेल्या माणसाला सोडवून भिंतीकडे ने. मेरी, मास्क आधी लहान मुलांना, मग दमेकऱ्यांना. बाकीचे भिंतीला पाठ लावून बसा. इक्बाल, तू मोज. किती जण आहेत मला हवंय."

मी हिंदीत सांगितलं, अरबीत सांगितलं. दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हाताला काम होतं आणि रडणं थांबलं होतं. मी मोजले, एकतीस. लांब कुठेतरी दोन धमाके झाले, भिंत थरथरली, एसीची खरखर बंद झाली. मग बराच वेळ काही नाही. मग सगळं ठीक असल्याचा भोंगा. हसनने वेस्लीच्या पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या खांद्यावर, आणि वेस्ली कळवळला. एकतीस माणसं हसली.

मी त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर चालत जाताना त्या गोष्टीचा विचार केला. इतके आठवडे मी त्याचा खांदा बघत होतो. त्याच्या कॉलेजने तेच केलं होतं. हा माणूस कुठल्या कामाचा आहे, हे कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म काढला. दोन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि खाली हाताने लिहिलं: बोट आणि टोळी चालवण्यास पूर्ण योग्य. उजव्या हाताने फेकणं आणि खांद्याच्या वर ओझं उचलणं कायमचं बंद. खाली सही.

सामीने कागद उलटसुलट बघितला. "हे काय आहे?"

"तिसरा चौकोन."

"कंपनी घेणार नाही."

"त्यांच्याकडे माणसं नाहीत. घेतील."

घेतला. वेस्लीने मात्र तो वाचून माझ्यासमोर आपटला. "कायमचं? तू देव आहेस का?"

"नाही. मी तो सांधा हातात धरून बघितलाय."

"म्हणजे माझी पोरं दोर फेकणार आणि मी बघत उभा राहणार?"

"हो."

तो निघून गेला. पुढचे दहा-बारा दिवस व्यायामाला आला नाही.

मग समुद्रात तेल सुटल्याची बातमी आली. उत्तरेकडून तवंग किनाऱ्याने खाली सरकत होता. तो शेवटी आमच्याकडे फारसा पोचला नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? खाऱ्या पाण्याचं गोडं करणारे कारखाने समुद्राचं पाणी आत ओढतात, त्या तोंडाशी तेल गेलं असतं तर अख्ख्या मुलखाचं पिण्याचं पाणी बंद. म्हणून ठिकठिकाणी पाण्यावर तरंगते जाड पट्टे लावायचं काम सुरू झालं. त्याला बूम म्हणतात. वेस्लीच्या टोळीकडे अशाच एका तोंडाचं काम आलं. हात कमी पडत होते, म्हणून त्याने कतीफहून हसनला रोजावर बोलावून घेतलं. माणसं सोळा-सोळा तास ओढाओढ करत होती, पाठी धरत होत्या, तेव्हा कंपनीने मलाही आठवडाभर धक्क्यावर बसवलं.

तिसऱ्या सकाळी एका खलाशाच्या कमरेत उसण भरली. त्याला पट्टा बांधायला मी बोटीवर गेलो आणि बोट सुटली, मी बोटीवरच राहिलो. शमाल, म्हणजे उत्तरेचा जोराचा वारा, सुटलेला. बूमचं एक टोक अलीकडच्या काँक्रीटच्या खांबाला बांधलं होतं, दुसरं आमच्या बोटीच्या मागे. पलीकडच्या खांबावर चार माणसं उभी होती. त्यांच्याकडे टोकाला जड गाठ मारलेली बारीक दोरी फेकायची, तिच्या मागून ते जाड दोर ओढून घेणार आणि तोंड बंद होणार. बोट खांबाला टेकवता येत नव्हती, लाटांनी फुटली असती.

एका फिलिपिनो खलाशाने दोरी फेकली. वाऱ्याने परत आणली. दुसऱ्यांदा फेकली. हातभर राहिली. बूमला पीळ पडायला लागला, बोट मागे ओढली जाऊ लागली. सगळ्या टोळीने वेस्लीकडे बघितलं. तो कोण होता हे प्रत्येकाला माहीत होतं.

त्याने दोरी हातात घेतली, उजव्या हातात. वेटोळं केलं. पाय रोवले. मला त्याच्या खांद्याचे चारही स्नायू कपड्याखालून दिसत होते, इतके ते मी ओळखत होतो. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी बोललो नाही. मी लिहून दिलं होतं, आता पुढचं त्याचं होतं.

तो खांबाकडे बघत होता. मग पाण्याकडे. मग झेंड्याकडे, वारा कुठून येतोय ते.

"बोट फिरवा!" तो ओरडला. "वरच्या अंगाने घ्या, वारा पाठीशी. इंजिन उलटं चालू ठेवा, खांबावर जाऊ देऊ नका." आणि दोरीचं वेटोळं हसनच्या हातात दिलं. "तू जाळं कसं फेकतोस, तसं."

मी अरबीत सांगायच्या आतच हसनला समजलं होतं. बोट फिरली. खांब इतका जवळ आला की त्यावरची कालवं मोजता आली असती. इंजिन बोंबलत होतं. वेस्लीने डावा हात वर धरला, थांबवून ठेवला, आणि खाली टाकला. हसनने कमरेतून झोका घेऊन दोरी खालून सोडली. वाऱ्यानेच ती नेली. पलीकडच्या माणसाने ती छातीवर झेलली.

बूम सरळ झाला. तोंड बंद झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे धापा टाकत होते. धक्क्याला लागल्यावर लोखंडी शिडीने वेस्ली वर चढला, एका पायरीवर एक पाय, डाव्या हाताने धरत. वर पोचल्यावर मला म्हणाला, "बघितलंस? चालत आलो." आणि कपडे झाडत पुढच्या टोळीकडे गेला.

मार्चमध्ये, लढाई संपल्यावर, तो निरोप घ्यायला तळघरात आला. दुसऱ्या बंदरावर मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली होती, तीन बोटींची जबाबदारी. त्याने डावा हात पुढे केला, मी सवयीने उजवा दिला. त्याने तो घट्ट दाबला आणि माझ्या तोंडून नको तो आवाज निघाला.

त्याने हात सोडला नाही. उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी बघितलं. तिथे सूज होती. दिवसाला वीस-पंचवीस माणसांच्या पाठी अंगठ्याने दाबणाऱ्याला ती येतेच.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आहे थोडं."

"सकाळी की काम झाल्यावर? चावी फिरवता येते?"

बादली उचलता येत नव्हती. शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. सकाळी अंगठा गरम पाण्यात धरल्याशिवाय कामाला सुरुवात होत नव्हती. दोन वर्षं झाली होती, आणि मी ते झुबेदाला सांगितलं नव्हतं, मेरीला सांगितलं नव्हतं, सामीला तर नाहीच. फिजिओचा हात गेला म्हणजे काय राहिलं, या भीतीने.

"टेबलावर बस," वेस्ली म्हणाला. त्याने माझ्या टेबलावरून कोरा कागद ओढला, मेरीला हाक मारली आणि मला म्हणाला, "सांग. ती लिहील."

मी सांगितलं. मेरी लिहीत गेली. उजवा अंगठा, खोल दाब बंद, कोपराने काम चालेल. तिने खाली आपली सही केली आणि कागद वर सामीकडे नेऊन दिला, मला विचारलंसुद्धा नाही. तोवर वेस्ली निघून गेला होता, बाहेर त्याची गाडी उभी होती.

त्यानंतर मी आणखी सतरा वर्षं काम केलं, सगळी कोपराने. दुसऱ्या दिवशीचा पहिला पेशंट हसन. मानेखाली कोपर टेकवला तसा तो टेबलावरून ओरडला, "दुक्तूर, हे काय नवीन? हाताला काय झालं?"

"दुखतो," मी म्हणालो. हा शब्द स्वतःबद्दल मी कामावर पहिल्यांदाच उच्चारत होतो.

हसनने मान पुन्हा खाली घातली आणि म्हणाला, "मग असंच कर. हे जास्त बरं लागतंय."